ट्रिक्सीवर सात महिने: ॲप्ट भरवशाचं, पण उतरवलेल्या फाइली पुसतं

डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमची १३वी आवृत्ती, म्हणजे ट्रिक्सी, ९ ऑगस्ट २०२५ ला आली. घरात दोन लॅपटॉप, एक माझा, एक मुलीचा, दोन्हींवर आधीची आवृत्ती, बुकवर्म. आम्ही कणकवलीजवळच्या गावात राहतो. फायबर अजून पोचलेलं नाही. मोबाइलचा रोजचा दीड जीबी संपला की रात्री बारापर्यंत गप्प बसायचं. त्यामुळे माझ्यासाठी अपग्रेडचा पहिला प्रश्न असतो तो डेटा किती जाणार हाच.

माझ्या मशीनला १.४ जीबी लागणार होते. ॲप्ट म्हणजे डेबियनमध्ये सॉफ्टवेअरची पॅकेजेस उतरवून बसवणारी कमांड. तिच्या फुल-अपग्रेडला 'डाउनलोड-ओन्ली' (नुसतं उतरवा, बसवू नका) लावून दोन रात्रींत सगळं उतरवलं. नेट मध्येच तुटलं तरी अर्धी राहिलेली फाइल तिथूनच पुढे सुरू होते.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात, भर पावसात इन्स्टॉल करायला बसलो. 'अनपॅकिंग'च्या ओळी सरसर वर चालल्या होत्या आणि वीज गेली. माझी बॅटरी कधीच मेली आहे, लॅपटॉप नुसत्या प्लगवर चालतो. पोटात गोळा आला. तासाभराने वीज आली. जुना कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, जागेवर होता, पण डेस्कटॉप आलाच नाही, नुसती काळी स्क्रीन. लॉगिन करून पुन्हा ॲप्ट चालवलं, तर काम अर्धवट राहिलंय, आधी 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' चालवा, असं त्यानेच सांगितलं (डीपीकेजी हा ॲप्टच्या हाताखाली पॅकेजेस प्रत्यक्ष बसवणारा प्रोग्राम). ते चालवलं, मग 'ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल', मग फुल-अपग्रेड पुन्हा. पाऊण तासात मशीन उभं! फाइली उलगडणं आणि पॅकेज कॉन्फिगर करणं या डीपीकेजीच्या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि कोणतं पॅकेज कुठल्या पायरीवर आहे याची नोंद तो स्टेटस फाइलमध्ये ठेवतो. म्हणून तर हे निभावलं. तेव्हाच पाच तारे द्यायचं ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मुलीचा लॅपटॉप घेतला. त्याच डेब फाइली, म्हणजे उतरवलेली पॅकेजेस, पेनड्राइव्हवर घेऊ म्हणून माझ्या मशीनवर /व्हार/कॅश/ॲप्ट/आर्काइव्ह्ज हे ॲप्टचं साठवणीचं फोल्डर उघडलं, तर आत एकही डेब नाही. दोन रात्री जागून उतरवलेला १.४ जीबी गायब. 'ॲप्ट' ही कमांड इन्स्टॉल नीट पार पडलं की डेब फाइली पुसून टाकते. 'ॲप्ट-गेट' त्या ठेवते. २०१६ पासून हे असंच आहे आणि मला पत्ताच नव्हता. डिस्क भरू नये म्हणून करतात हे समजतं, पण माझ्याकडे डिस्क रिकामी पडली आहे, डेटा नाही. पुसण्याआधी एका ओळीने सांगितलं असतं तर? नवं ॲप्ट ३ काढायची पॅकेजेस लाल रंगात दाखवतं, यादी रकान्यांत मांडतं, ते खरंच छान आहे. पण या पुसण्याबद्दल चकार शब्द नाही. मुलीच्या मशीनसाठी सगळं पुन्हा उतरवावं लागलं.

उपाय एका ओळीचा आहे. /ईटीसी/ॲप्ट/ॲप्ट.कॉन्फ.डी मध्ये एक फाइल करून 'बायनरी::ॲप्ट::ॲप्ट::कीप-डाउनलोडेड-पॅकेजेस' ला 'ट्रू' द्यायचं. तेव्हापासून फाइली राहतात.

मध्ये महिनाभर ॲप्ट-कॅशर-एनजीही लावून पाहिलं. माझा लॅपटॉप साठा करणार, मुलीचा ३१४२ पोर्टवरून त्यातून घेणार. काम चोख, आधी वाटलं हेच कायम ठेवू. पण माझं मशीन बंद असलं की तिचं अपडेट अडायचं, आणि ती हॉस्टेलला गेल्यावर तर प्रश्नच मिटला. ते काढून टाकलं.

आता ती सुट्टीला आली की पेनड्राइव्हवरून डेब फाइली तिच्या आर्काइव्ह्ज फोल्डरमध्ये टाकतो. दोन्ही मशीन एएमडी६४, म्हणजे एकाच जातीच्या प्रोसेसरची, त्यामुळे चालतं. फक्त त्याआधी 'ॲप्ट अपडेट' तिला नेटवरूनच करावं लागतं. रविवारी तिच्या स्क्रीनवर आलं: डाउनलोड साइझ ० बी / १८६ एमबी, म्हणजे नेटवरून उतरवायचं काहीच उरलं नाही. तिने फोन काढून त्याचा फोटो घेतला.