वनस्पती उद्यान बघायचं तर सिंगापूरचं की पेरादेनियाचं?

रबराचा इतिहास बघायचा असेल तर सिंगापूर. १८५९ साली सुरू झालेल्या या बागेसाठी १८७७ मध्ये लंडनच्या क्यू बागेतून रबराची २२ रोपं आली. पुढे बागेचे संचालक हेन्री रिडली यांनी रबराच्या झाडातून चीक काढायची पद्धत इथेच बसवली: सालीवर तिरका काप घ्यायचा आणि पुढच्या खेपेला नवी जखम न करता त्याच कापाची कड पातळ सोलायची. सुरी सालीखालच्या वाढीच्या थराला लागली की खोडावर गाठी येतात, मग तिथे पुन्हा नीट काप बसत नाही. काम पहाटेचंच, ऊन चढलं की चीक मंदावतो.

जुनी, अवाढव्य झाडं हवीत तर श्रीलंकेतली पेरादेनिया सरस. १८२१ ची ही बाग कँडीजवळ, महावेली नदीच्या वळणात आहे. दर्याई नारळ चुकवू नका: नर-मादी झाडं वेगळी, फळ पिकायला सहा-सात वर्षं. (साधूंच्या हातातलं काळं कमंडलू याच करवंटीचं.) १९०१ साली भावी पाचव्या जॉर्जने लावलेला कैलासपतीही इथेच.

ऑर्किडसाठी मात्र पुन्हा सिंगापूर. तिथे १९२८ पासून संकर चालू आहेत. तिकीट फक्त ऑर्किड विभागाला, बाकी बाग फुकट. पेरादेनियात फाटकावरच तिकीट, परदेशी पाहुण्यांना जास्त.