प्लेऑफला जायचंय? बर्फ, वारा, थंडी आणि चिखल, कशात जावं नि कशात नाही

डिसेंबर संपत आला की अमेरिकेतल्या आपल्या मंडळींपैकी कुणीतरी विचारतंच, एकदा तरी एनएफएलची, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगची प्लेऑफ (बाद फेरीची) मॅच स्टेडियममध्ये बसून बघायचीय, कुठे जाऊ, आणि हवा खराब असली तर? आपल्याला सवय क्रिकेटची, चार थेंब पडले की कव्हर्स आले, मग डकवर्थ-लुईस. इथे तसलं काही नाही. विजा चमकायला लागल्या तर खेळाडू आत जातात, बाकी पाऊस पडो नाहीतर बर्फ, एकदा सुरू झाला की खेळ चालूच.

लोक तिकीट काढताना फक्त तापमान बघतात, आणि माझ्या मते तिथेच चुकतात. बफेलोचं बघा. 6 डिसेंबर 2021, साधी लीग मॅच, बिल्स विरुद्ध पॅट्रियट्स, वारा असा सुटलेला की पॅट्रियट्सच्या मॅक जोन्सने (तो क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून पास देणारा) अख्ख्या मॅचमध्ये 3 पास टाकले. तीन! बाकी 46 वेळा बॉल बगलेत मारून नुसते पळाले आणि 14-10 जिंकले. मग 15 जानेवारी 2022 ला प्लेऑफ, तेच दोन संघ, तेच मैदान, तापमान उणे 14 सेल्सिअसच्या आसपास म्हणजे आधीपेक्षा कितीतरी जास्त थंड, पण वारा जवळपास नाहीच. बिल्सनी लागोपाठ सात वेळा बॉल हातात आल्यावर सातही वेळा टचडाउन केला, म्हणजे बॉल समोरच्यांच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेला, 47-17. म्हणून मी हवामानाच्या ॲपमध्ये आधी वाऱ्याचा आकडा बघतो, तापमान नंतर.

बर्फ टीव्हीवर सगळ्यात भयंकर दिसतो पण खेळायला तेवढा वाईट नाही. 12 जानेवारी 2008, ग्रीन बेमध्ये पॅकर्सच्या रायन ग्रँटने सुरुवातीलाच दोनदा बॉल सोडला, सिएटल 14-0 पुढे, आणि मग त्याच बर्फात त्याच पठ्ठ्याने बॉल घेऊन पळत 201 यार्ड काढले, 3 टचडाउन, पॅकर्स 42-20. जानेवारी 2025 मध्ये फिलाडेल्फियात सेक्वॉन बार्कलीनेही बर्फात 205 यार्ड मारले, त्यात एक 78 यार्डांची धाव. याचं कारण सोपं आहे, पळणाऱ्याला माहीत असतं आपण कुठे वळणार, अडवणाऱ्याला ते बघून मग वळायचं असतं आणि तोवर त्याचा पाय सटकलेला असतो. किकरचे, म्हणजे लाथेने बॉल खांबांमधून मारणाऱ्याचे मात्र हाल. पॅट्रियट्सच्या ॲडम विनाटिएरीने 19 जानेवारी 2002 ला फॉक्सबोरोत बर्फातून 45 यार्डांची किक मारून बरोबरी साधली ती लोक अजून सांगतात ते उगाच नाही.

चिखलाची गोष्ट वेगळी. यात मॅच अक्षरशः मरते. 23 जानेवारी 1983, मायामीत मायामी विरुद्ध न्यूयॉर्क जेट्स, ना थंडी ना बर्फ, नुसता पाऊस, आणि मैदानावर ताडपत्रीच घातली नव्हती. भाताच्या खाचरात चिखलणी झाल्यावर जसं दिसतं तसं मैदान. हाफटाइमला 0-0. जेट्सचा फ्रीमन मॅकनील, त्या सीझनमध्ये सगळ्या लीगमध्ये जास्त यार्ड धावलेला माणूस, त्याला 46 यार्ड. क्वार्टरबॅक रिचर्ड टॉडचे 5 पास मायामीने पळवले, त्यातले 3 एकट्या ए. जे. डुहेने. शेवट मायामी 14-0. ताडपत्री मुद्दाम घातली नाही अशी शंका जेट्सवाले अजून काढतात, चाळीस वर्षं झाली तरी!

याहून विनोदी प्रकार पिट्सबर्गचा, 26 नोव्हेंबर 2007. ती प्लेऑफ नव्हती, पण भिजलेलं मैदान काय करतं हे त्यात स्वच्छ दिसतं. जुन्या मैदानावरच नवीन गवताचे पट्टे अंथरलेले आणि त्यावर धो धो पाऊस. मायामीने लांब किक मारली, बॉल वरून आला आणि टोकावर जमिनीत रुतून तसाच उभा राहिला. टप्पा नाही, घरंगळणं नाही, खिळा ठोकल्यासारखा. मॅच पिट्सबर्गने 3-0 जिंकली, तेही शेवटच्या 17 सेकंदांत.

कोरडी थंडी बघणाऱ्याला जास्त छळते. 31 डिसेंबर 1967 ला ग्रीन बेमध्ये उणे 25, मैदानाखालचं हीटिंग बंद पडलं, पंचांच्या शिट्ट्या गोठल्या, तरी पॅकर्स-डॅलस 21-17 अशी चुरशीची झाली. 13 जानेवारी 2024 ला कॅन्सस सिटीत उणे 20, तिथल्या क्वार्टरबॅकच्या, पॅट्रिक महोम्सच्या हेल्मेटचा तुकडाच उडाला. पण त्या मॅचला गेलेल्या काही प्रेक्षकांची हिमदंशाने बोटं कापावी लागली, हे विसरू नका. हौस ठीक आहे हो, पण बोटं दहाच असतात.

छताखाली, म्हणजे डेट्रॉइट, मिनियापोलिस, न्यू ऑर्लिन्स, हा प्रश्नच नाही. पोरं, आईबाबा सोबत असतील तर डोळे झाकून तिथे जा. तरी छत आहे म्हणजे मैदान चांगलंच असं समजू नका, 2023 चा सुपर बोल, म्हणजे फायनल, ॲरिझोनात छताच्या स्टेडियममध्ये झाला आणि खास वाढवलेल्या गवतावर खेळाडू घसरत होते, मध्येच बूट बदलले.

मला विचाराल तर बर्फ, उणे पाच-सहा आणि वारा कमी, अशी मॅच मिळाली तर डोळे मिटून जा. आणि 3-4 डिग्रीत पाऊस असेल तर तिकीट विकून टाका. मी एकदा डिसेंबरात न्यू जर्सीत तसा बसलोय, छत्री आत नेऊ देत नाहीत, प्लास्टिकच्या रेनकोटच्या गळ्यातून पाणी आत, दुसऱ्या क्वार्टरपर्यंत हातमोजे पिळायची वेळ आली, आणि समोर दोन्ही संघ आपटून आपटून पंट मारतायत, म्हणजे पुढे सरकता येईना म्हणून लाथेने बॉल लांब समोरच्यांकडे देऊन टाकतायत.

घाईने विमान बुक करू नका, कुणाच्या घरी मॅच हे बहुतेक वेळा लीगचा शेवटचा आठवडा संपल्यावरच कळतं. परतीचं तिकीट एक दिवस उशिराचं काढा, जानेवारी 2024 मध्ये बफेलोची मॅच वादळामुळे रविवारची सोमवारी ढकलली होती आणि खुर्च्यांवरचा बर्फ उपसायला क्लबने लोकांना तासाला 20 डॉलर देऊन बोलावलं होतं. आणि हो, जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा घेऊन जा, पायाखाली ठेवायला. थंडी वरून कमी आणि काँक्रीटमधून जास्त चढते.