चौथीसाठी गणित पेटी : एक सत्र वापरल्यानंतर

शाळा सुरू होताना लेकीसाठी ऑनलाइन मागवलेली गणित पेटी दिवाळीच्या सुट्टीपर्यंत भरपूर वापरून झाली. ती चौथीत आहे, मराठी माध्यम, जिल्हा परिषदेची शाळा. राहायला आम्ही दापोली तालुक्यात, समुद्राच्या अगदी जवळ. हे आधीच सांगतो, कारण अशी पेटी पुण्यात किती टिकते आणि आमच्याकडे किती, यात फरक आहे. किंमत हजाराच्या आत. आत सुटे ठोकळे, दशकाच्या दांड्या, शतकाच्या पाट्या, हजाराचा एक मोठा ठोकळा, अपूर्णांकाच्या रंगीत चकत्या, खेळातल्या नोटा, काटे फिरणारं पुठ्ठ्याचं घड्याळ आणि एक तराजू.

तराजूचं काम लगेच संपवतो. दोन्ही पारडी रिकामी असतानाही तो एका बाजूला झुकतो. आता त्यात खोडरबरं ठेवतो.

ठोकळे मात्र पैसे वसूल. या सत्रात वर्गात मोठ्या संख्यांची वजाबाकी झाली. मध्ये शून्यं आली की मुलं अडतात. १००३ मधून ८६७ वजा करायचे, तर दशकाच्या घरात शून्य, शतकाच्या घरात शून्य, मग उसना घ्यायचा कोणाकडून? वहीवर आकडे खोडून वर छोटे नऊ लिहायला ती शिकली होती, पण ते नऊ येतात कुठून, हे विचारलं की गप्प. पेटीतला हजाराचा ठोकळा देऊन तिने दहा पाट्या घेतल्या, नऊ ठेवून एक मोडली, दहा दांड्या आल्या, त्यातल्या नऊ ठेवून एक मोडली, दहा सुटे आले. आधीचे तीन मिळून तेरा. तेरातून सात गेले सहा, नवातून सहा गेले तीन, नवातून आठ गेले एक. उत्तर १३६. नऊ कुठून आले हे पुन्हा विचारावं लागलं नाही.

अडचण अशी की हजाराचा ठोकळा एकच. चौथीत संख्या पाच अंकांपर्यंत जातात, तिथे पेटी हात टेकते. मग आम्ही नोटा काढल्या. त्यात हजाराच्या नोटांची गड्डी आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये बंद झालेली ही नोट लेकीने कधी पाहिलेली नाही, ‘ही खोटी आहे’ म्हणून तिने ती बाजूला काढून ठेवली होती. पण दहा, शंभर, हजार अशी पायरी दाखवायला तिच्यासारखं साधन नाही. पाचशे आणि दोनशेच्या नोटांनी स्थानिक किंमत शिकवता येत नाही, उलट गोंधळ वाढतो.

आषाढात या नोटा एकमेकींना चिकटल्या. पत्र्याच्या डब्यात, तांदळाची पुरचुंडी घालून ठेवल्यावर थोड्या सुधारल्या. लाकडी दांड्यांवर पांढरी बुरशी आली, ती कोरड्या फडक्याने पुसली की जाते. पाण्याने धुऊ नका, दांड्या फुगतात. प्लास्टिकच्या चकत्यांना काहीही झालेलं नाही. कोकणात घेणाऱ्यांनी सरळ प्लास्टिकची पेटी पाहावी.

चकत्यांचा फायदा असा की त्यांवर आकडे छापलेले नाहीत. अर्ध्या चकतीवर दोन पाव बरोबर बसतात हे मूल स्वतः शोधतं, छापलेलं वाचत नाही. पण चकती म्हणजे शेवटी एकच वस्तू. ‘साठचा पाव किती’ हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी माळ्यावरची आंब्याची रिकामी पेटी खाली आली. पाच डझनांची पेटी, म्हणजे साठ फळं. आंब्याच्या जागी सुपाऱ्या मांडल्या. पाव पंधरा, अर्धी तीस, पाऊण पंचेचाळीस.

इथे आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, मध्ये पडले. त्यांना लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड यांचे पाढे, पाठ करावी लागली होती. ती आता शाळेत नाही, आणि मला त्याचं दुःख नाही. पण पाऊणकीचा एक उपयोग आमच्या किनाऱ्यावर अजून चालतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते.

‘काय गो, आज तिथ कोणती?’ अण्णांनी विचारलं.

‘पंचमी.’

‘मग पाचाचे पाऊणपट कर.’

तिने पाच चकत्या मांडल्या, प्रत्येकीतला एक पाव उचलला. उरले तीन पूर्णांक आणि तीन पाव, म्हणजे पावणेचार. अष्टमीला सहा, सप्तमीला सव्वापाच, दशमीला साडेसात. पौर्णिमेला सव्वाअकरा, म्हणून नारळी पौर्णिमेला भरती दुपारच्या आसपास. सव्वा, साडे, पावणे हे तिन्ही शब्द एकाच गणितात भेटले. मोबाइलवरच्या भरतीच्या तक्त्याशी ताडून पाहिलं तर थोडं मागेपुढे होतं. त्याचं कारण मोठ्यांसाठी सांगतो: भरती चंद्रामागून चालते, एक तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या अंतरात १२ अंशांची वाढ, आणि पृथ्वीला १२ अंश फिरायला ४८ मिनिटं लागतात. पाऊण तास म्हणजे ४५. तीन मिनिटांची सूट तोंडी हिशेबासाठी दिलेली. शिवाय प्रत्येक खाडीचा, बंदराचा फरक असतोच, त्यामुळे या हिशेबावर भरवसा ठेवून कोणी पाण्यात उतरू नये.

हे सगळं पेटीतल्या घड्याळावर दाखवायला गेलो आणि घड्याळ फसलं. त्याचे दोन काटे एकमेकांना जोडलेले नाहीत. मिनिटकाटा सहावर नेला तरी तासकाटा सातवरच बसून राहतो. खऱ्या घड्याळात साडेसातला तो सात आणि आठच्या मधोमध असतो. हे मुलाला चुकीचं शिकवणारं साधन आहे, नसलेलं बरं. आम्ही भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ उतरवलं. मागची कळ फिरवली की दोन्ही काटे बरोबर चालतात. पेटी घेताना आधी विक्रेत्याला काटे जोडलेले आहेत का ते विचारा.

लेकीच्या शिक्षिकेने ठोकळे आणि चकत्या वर्गात न्यायला मागितल्या. वर्गात चार-पाच मुलांचा गट एका पेटीवर बसवला तर हाणामारी होते, दोघं-दोघं असली तर काम होतं, असं त्यांचं म्हणणं. घरी दोन भावंडं असतील तर एक पेटी पुरेल.

पाचपैकी साडेतीन. ठोकळे आणि चकत्या सुट्या मिळत असतील तर तेवढ्याच घ्या. पुढच्या सत्रात परिमिती आणि क्षेत्रफळ आहे, त्याला लागणारी खिळ्यांची पाटी (खिळ्यांना रबर ताणून आकार करायची) या पेटीत नाही. गावातल्या सुताराला फणसाच्या फळीवर करायला सांगितली आहे. खिळे पितळेचे, लोखंडी इथे पहिल्याच पावसात गंजतात.