तळ्याला पैकीच्या पैकी, लॉज काठावर पास

टेक्सासमधल्या एका खासगी तळ्यावर मासेमारीला गेलो होतो, तिथल्या लॉजच्या मालकाने खोलीच्या किल्लीआधी हातात मोजपट्टी ठेवली. तळ्यात बास, म्हणजे गोड्या पाण्यातला शिकारी मासा. दहा ते चौदा इंचांमधला एकही बास पाण्यात परत टाकायचा नाही, सगळे बर्फाच्या पेटीत. त्याहून मोठा असेल तर फोटो काढा आणि सोडा. मला वाटलं, माणूस बोलण्याच्या ओघात उलटं सांगून बसला. टेक्सासच्या बहुतेक सार्वजनिक तलावांवर लार्जमाउथ बास (हाच तो मोठ्या तोंडाचा बास) चौदा इंचांच्या आत असेल तर सोडावाच लागतो आणि दिवसाला पाचच ठेवता येतात. पण खासगी, बंदिस्त तळ्याला सरकारचा हा नियम लागू नाही. मासेमारीचा परवानाही लागत नाही. नियम मालकाचा.

आणि नियमामागचं गणित बरोबर होतं. बंद पाण्यात लहान बास बेसुमार वाढतात, असेल नसेल तेवढं खाणं फस्त करतात आणि मग सगळेच डोकं मोठं, पोट खपाटीला असे राहतात. म्हणून लहान काढायचे. शिवाय धक्क्याजवळ एक यंत्र आहे, ते ठरल्या वेळी पाण्यात दाणे उडवतं. दाणे ब्लूगिल नावाचे छोटे मासे खातात, ब्लूगिलना बास खातो. आमच्या रायगडात खारजमिनीतल्या तळ्यांत जिताडा वाढवणाऱ्या कुणालाही हे नव्याने सांगावं लागणार नाही.

आम्ही चौघे होतो: मी, डॉक्टर, अण्णा आणि ऑफिसातला एक अस्सल टेक्सासचा मित्र. मार्चचा मधला आठवडा, दोन रात्री, माणशी दिवसाला २७५ डॉलर. त्यात दोन बोटी आणि खोली. जेवण आपलं आपण. महाग आहेच. पण साठ एकरांच्या त्या पाण्यावर तीन दिवस आमच्याशिवाय कुणी नव्हतं. लेक फोर्क या टेक्सासच्या सार्वजनिक तलावावर जाऊन बघा. सुमारे २७ हजार एकरांचा तलाव, राज्यातला विक्रमी १८.१८ पौंडांचा बास १९९२ साली तिथेच निघाला, आणि शनिवारी सकाळी बोट उतरवायला रांग.

पहिल्या दुपारी पाणी ६४ अंश फॅरनहाइट होतं. बास अंडी घालायला उथळात येतात तो हा काळ. बुडालेल्या झाडांच्या बुंध्यांत टेक्सास रिगवर (गळाचं टोक आमिषातच लपवायचं, म्हणजे फांद्यांत अडकत नाही) हिरवट रंगाचा प्लॅस्टिकचा किडा टाकला की दुसऱ्या-तिसऱ्या फेकीला दोरीवर ‘ठक्’. जोरात ओढ नाही, दारावर कुणी बोट वाजवावं तसं. आणि मासे काय जाडजूड! पंधरा इंचांचा मासा सव्वादोन पौंड भरत होता. डॉक्टरने बावीस इंची मादी काढली, सात पौंड दोन औंस. हात ओले करून, एका हाताने जबडा आणि दुसऱ्याने पोट सावरत त्याने ती आडवी धरली, फोटो झाला, सोडली. त्यानंतर तासभर तो कुणाशी बोलला नाही, नुसता हसत होता. अण्णाचं मात्र त्या दुपारी मासेमारीपेक्षा गुंता सोडवण्यातच लक्ष. नवीन बेटकास्टर रील, म्हणजे फेकताना फिरतं रीळ अंगठ्याने आवरायचं; दाब चुकला की दोरीचा संक्रांतीच्या मांजासारखा गोळा. बाबा रे, पहिल्यांदा जात असाल तर साधं स्पिनिंग रील न्या, लाज वाटायचं कारण नाही.

रात्री उत्तरेचा वारा सुटला. सकाळी आकाश लख्ख निळं, बोटं काकडलेली, आणि माशांनी तोंडं शिवून घेतलेली. चार तासांत चौघांना मिळून दोन. हवामानाचा दोष लॉजवर टाकणार नाही, पण तिथल्या रखवालदाराचं कौतुक करायलाच हवं. म्हातारा धक्क्यावर आला, आमच्याकडे बघून म्हणाला, किनारा सोडा, बांधाच्या बाजूला बारा फुटांवर जा, लहान आमिष लावा आणि तुम्हाला हळू वाटतं त्याच्याही निम्म्याने हळू ओढा. दुपारनंतर अकरा निघाले. वेगळा गाइड घेऊ नका, याच माणसाला सकाळी कॉफी पाजा.

आता तक्रार. बोटींना पेट्रोलचं इंजिन नाही, फक्त बॅटरीवरची मोटर. आमची बॅटरी दुसऱ्या संध्याकाळी तळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला बसली. बोटीत वल्हं एक. फोनला रेंज नाही. मी आणि अण्णा आळीपाळीने वल्हवत, अर्धा वेळ गोल फिरत, अंधार पडता पडता धक्क्याला लागलो. मालक म्हणाला, "काल चार्जिंगला लावली होती." लावली असेल. पण बॅटरी म्हातारी झालीय हे वरच्या पांढऱ्या बुरशीवरून कुणालाही कळलं असतं. दुसरी दिली, पैशांचा विषय मात्र त्याने काढला नाही आणि आम्हीही संकोचाने काढला नाही. ते चुकलंच.

खोलीबद्दल थोडक्यात: गाद्यांना मध्ये खळगे, उशा पापडासारख्या, गरम पाणी दोघांपुरतं. आणि मासे साफ करायचा ओटा मात्र राजेशाही! स्टीलचं टेबल, दिवे, पाण्याचा पाइप, विजेवर चालणारी सुरी. मालकाचा जीव कशात आहे ते ओटा बघून कळतं. पेटीतल्या लहान बासचे तुकडे मी कोकमाचं आगळ, हळद, तिखट लावून रव्यात घोळवून तळले. बासची पांढरी भाकड चव आहे, सुरमईच्या जवळपासही जात नाही, पण थंडीत बाहेर उभ्याने खाताना चौघांनी सतरा तुकडे संपवले.

शेवटच्या सकाळी वारा पडला, ढग आले. मी शेवाळावरून रबरी बेडूक ओढत होतो. पाणी फुटलं की हात आपोआप झटका देतो, आणि बेडूक रिकामा परत येऊन तोंडावर आदळतो. असे तीन मासे घालवले. टेक्सासवाला शेजारून ओरडत होता, "दिसला म्हणून ओढू नकोस, वजन लागू दे!" चौथ्या वेळी दात आवळून थांबलो. दोरी जड झाली, मग ओढलं. शेवाळाच्या जटांसकट पाच पौंडांचा बास बोटीत आला.

हे ठिकाण कुणासाठी नाही तेही सांगतो. बायकामुलांना घेऊन जाऊ नका, करण्यासारखं दुसरं काही नाही. जिवंत आमिष चालत नाही, कारण त्यासोबत नको ते मासे तळ्यात शिरतात. धक्क्यावर तुमचे डबे बघतात.

पुढच्या मार्चची तारीख आम्ही निघतानाच घेतली. बॅटरी माझी स्वतःची नेणार आहे, आणि उशी.