कलम १८५, बाररूममधल्या वकील मॅडम आणि साडेतीन स्टार

हॉटेलला, मिक्सरला, बुटांना लोक स्टार देतात. मी वकिलाला देतोय. दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेलो की माणूस सगळ्यात आधी जे करतो ते म्हणजे ओळखीच्या लोकांना फोन. त्यातला प्रत्येक जण "काही होत नाही रे" म्हणतो. माझ्यावर पाच महिने हेच प्रकरण चाललं होतं, म्हणून लिहितो.

मी एका औषध कंपनीत एमआर, म्हणजे डॉक्टरांकडे फिरणारा प्रतिनिधी आहे. दिवसाला पंधरा-सोळा डॉक्टर, सगळं बाईकवर. मित्राच्या साखरपुड्याहून परत येताना बायपासवर नाकाबंदी लागली. पोलिसांनी यंत्रात फुंकायला लावलं, आकडा आला ६४. कायद्याची मर्यादा १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. "दोनच घेतल्या" हे वाक्य मीही म्हणालो. हवालदार हसलाही नाही, दिवसभर ऐकत असणार. यंत्रातून आलेल्या चिठ्ठीवर सही, लायसन्स जप्त, त्याची पावती, मग जीपमध्ये बसवून ग्रामीण रुग्णालयात. तिथे डॉक्टरांनी तपासलं, रक्त घेतलं. माझी बाईक चौकीत. रात्री एकच्या सुमारास जातमुचलक्यावर घरी. बायकोने दार उघडलं आणि काही न बोलता आत जाऊन झोपली. त्या रात्री कोर्टाची जेवढी भीती वाटली नाही, तेवढी त्या पाठमोऱ्या चालण्याची वाटली.

दुसऱ्या दिवशी भाऊ आरसी, इन्शुरन्स आणि स्वतःचं लायसन्स घेऊन गेला तेव्हा बाईक सुटली. मला वाटलं, संपलं.

तिथेच पहिली चूक. हेल्मेटच्या चलनासारखं हे ऑनलाइन भरून मिटत नाही. दारू पिऊन गाडी चालवण्याचा, म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ चा गुन्हा जागेवर दंड भरून तडजोडीत मिटवता येत नाही, कोर्टातच जावं लागतं. हे मला कोणी सांगितलं? कोर्टाच्या गेटबाहेर झेरॉक्सच्या टपरीवर उभ्या असलेल्या एका गृहस्थाने. गळ्यात फाइल, खिशात तीन पेनं. "साहेब, माझं आत सगळं सेटिंग आहे. दोन हजार दंड, दोन हजार माझे, तुम्हाला यायचीही गरज नाही." मी दोन हजार दिले. का दिले, अजून कळत नाही. पुढच्या आठवड्यात फोन बंद. पुढे कळलं की दोन हजार हा जुना दंड होता. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ सप्टेंबर २०१९ पासून पहिल्या गुन्ह्याला दंड दहा हजार रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सेटिंगवाल्याला नवा आकडासुद्धा माहीत नव्हता. त्याला शून्य स्टार.

मग माझ्या एका डॉक्टरांनी मॅडमचं नाव सुचवलं. ऑफिस वगैरे नाही. बाररूममध्ये, म्हणजे कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत, खिडकीजवळचं टेबल, त्यावर पुठ्ठ्याच्या फायली आणि निळी डब्याची पिशवी. पन्नाशीच्या आसपासच्या. मी बसलो आणि गोष्ट सांगायला लागलो, की कफ सिरप घेतलं होतं, त्यामुळे आकडा आला. मॅडमनी पेनचं टोपण लावलं. म्हणाल्या, "भाऊ, खोटं बोलायचं असेल तर बाहेर चहा पिता पिता बोलून या. इथे फक्त कागद." मी कागद दिले.

हे मी जवळून पाहिलं म्हणून सांगतो. त्यांनी पहिल्यांदा नाव-गाव वाचलं नाही, वेळा वाचल्या. अटक किती वाजता, रुग्णालयात किती वाजता. एका जुन्या पावतीच्या मागे दोन वेळा लिहिल्या, एकाखाली एक: ११.२०, १२.०५. वजाबाकी केली. ४५ मिनिटं. मग सांगितलं की १८५ मध्ये अटक झाली तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, नाही झाली तर पोलिसांना सोडावं लागतं, हे कलम २०२ मध्ये लिहिलंय. "तुमच्या केसमध्ये वेळेत झालीय. हा मुद्दा गेला." यंत्राची चिठ्ठी आहे का, त्यावर तारीख-वेळ आहे का, सही तुमचीच का, एकेक विचारत गेल्या आणि एकेक मुद्दा खोडत गेल्या. शेवटी म्हणाल्या, "मी लढवू शकते. फी मिळेल मला. पण रक्ताचा रिपोर्ट असाच आला तर तुम्ही दोन वर्षं तारखा कराल आणि शेवट हाच."

माझे तीन स्टार या एका वाक्याचे आहेत. दुसरा कोणी असता तर लढवलीच असती.

कबुली द्यायची म्हणजे काय, तेही त्यांनीच समजावलं. मला वाटत होतं दंड भरला की पाटी कोरी. "नाही हो. ही शिक्षा आहे, चलन नाही. उद्या कंपनीने फॉर्मवर विचारलं की कुठल्या गुन्ह्यात दोषी ठरलात का, तर उत्तर हो. आणि परत सापडलात तर तो दुसरा गुन्हा. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड, किंवा दोन्ही." हे ऐकून मी घाम पुसला, त्यांनी डबा उघडला. जेवायची वेळ झाली होती.

मग वाट पाहणं. बाररूममध्ये सगळे ज्याला "सीए रिपोर्ट" (केमिकल ॲनालायझरचा) म्हणतात, तो रक्ताचा रिपोर्ट न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेतून यायचा होता. तो आल्याशिवाय दोषारोपपत्र नाही. मॅडमना रोज फोन करून मी वैतागवलं असतं, पण त्यांनी मोबाईलवर ई-कोर्ट्सचं ॲप टाकायला लावलं. दोषारोपपत्र दाखल झालं आणि सोळा अक्षरी सीएनआर नंबर मिळाला, की केस कुठल्या टप्प्यावर आहे आणि पुढची तारीख कोणती, ते ॲपमध्ये दिसतं. हे खरंच चांगलं आहे, फुकट आहे. रात्री दोनदा उठून पाहायची मात्र सवय लागते.

फी सहा हजार. तीन आधी, तीन नंतर, दोन्हींची पावती. गेटबाहेरच्या गृहस्थाला दिलेले दोन हजार धरले तर आठ. वकीलपत्रावरचा कोर्ट फी स्टॅम्प फीमध्येच होता.

तारखेच्या दिवशी अकराला पोहोचलो. बोर्डावर माझा नंबर ४७. भिंतीशी बाकं, वर पंखा, पंख्याचा टक-टक आवाज. शिपाई दारात उभा राहून पुकारा करतो आणि नावाची जी काही वाट लावतो, ती ऐकूनच अर्धे लोक हजर व्हायचे राहतात. माझ्या शेजारी हातात बेडी असलेला विशीतला पोरगा, चोरीच्या केसमधला. त्याच्याकडे वकील नव्हता. मॅडमनी त्याच्याबरोबरच्या पोलिसाला विचारलं, मग त्या पोराला सांगितलं की कोठडीतल्या माणसाला विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो, अर्ज दे. माझ्याकडे वळून म्हणाल्या, १५१०० हा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर, लिहून ठेवा, कधी कोणाच्या उपयोगी पडेल. माझ्या केसशी याचा संबंध नव्हता. तरी अर्धा स्टार याचा.

दुपारी साडेबाराला माझं नाव. न्यायाधीश माझ्यापेक्षा लहान असावेत. आरोप मराठीत वाचून दाखवला. समजला का? समजला. कबूल आहे का? मॅडमनी आधीच शिकवलं होतं, की एवढंच म्हणायचं, जास्त रडगाणं नको. "कबूल आहे." कोणाच्या दबावाखाली? नाही. काय करता? औषधं विकतो, साहेब. ते क्षणभर थांबले, मी मान खाली घातली. दंड दहा हजार, न भरल्यास साधी कैद, आणि कोर्ट उठेपर्यंत कैद.

हे शेवटचं मला कळलंच नाही. कैद म्हटल्यावर पाय थंड पडले. मॅडम हळूच म्हणाल्या, "मागच्या बाकावर बसा. कोर्ट संपेपर्यंत हलायचं नाही. बाथरूमला जायचं असेल तर शिपायाला विचारून." बस्स. ही माझी कैद. दंड तेवढ्यात भाऊ नाझरकडे, म्हणजे कोर्टात पैसे घेणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, भरून आला. नशीब, पैसे मॅडमच्या सांगण्यावरून आणले होते, सेटिंगवाल्याच्या नाही.

त्या बाकावर मी पावणेसहापर्यंत बसलो. एका आजोबांची बांध कोरल्यावरून झालेल्या मारामारीची केस होती, समोरचा आरोपी त्यांचाच पुतण्या. दोघं एकाच एसटीने आले होते आणि एकाच डब्यातून जेवले, पण तडजोड नको म्हणत होते. पोटगीची एक केस. चेक बाउन्सच्या कितीतरी, मोजणं सोडून दिलं. फोन बंद, डॉक्टर कोणी नाही, टार्गेट नाही. दहा वर्षांत इतका वेळ मी एका जागी बसलो नव्हतो. पावणेसहाला साहेब उठले, सगळे उठले, मी पण उठलो, आणि शिपाई म्हणाला, "जा आता. तुमचं झालं."

मग दीड स्टार कापला कुठे?

लायसन्स. मी धरून चाललो होतो की दंडाची पावती दाखवली की जप्त केलेलं लायसन्स परत. पोलिसांकडे गेलो तर म्हणे ते आरटीओकडे गेलं. आरटीओकडून नोटीस आली: म्हणणं मांडायला या. तिथे कळलं की कोर्टाची शिक्षा वेगळी आणि लायसन्सचं प्रकरण वेगळं. पोलीस १८५ मध्ये जप्त केलेलं लायसन्स परवाना प्राधिकरणाकडे पाठवतात, आणि पहिल्या वेळी ते तीन महिने निलंबित होऊ शकतं. माझं झालं. तीन महिने बाईक नाही. त्या काळात चालवली तर तो आणखी एक वेगळा गुन्हा.

मी तणतणत बाररूममध्ये गेलो. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "ते आरटीओचं काम, माझ्या वकीलपत्रात नव्हतं." बरोबर आहे, नव्हतं. पण ज्या बाईने अकरा वाजून वीस मिनिटांची वजाबाकी माझ्यासमोर केली, तिला हे ठाऊक नसेल असं मी मानणार नाही. पहिल्याच दिवशी एक वाक्य पुरलं असतं: भाऊ, तीन महिने गाडी जाईल, साहेबांशी बोलून घ्या. मी मॅनेजरला आधीच सांगून गावातला पट्टा मागून घेतला असता. त्याऐवजी तीन महिने एसटी, शेअर रिक्षा, आणि सकाळी पहिल्या डॉक्टरपर्यंत बायकोच्या स्कूटरवर मागच्या सीटवर, सॅम्पलची बॅग मांडीवर घेऊन. ती गाडी फार सावकाश चालवते. सिग्नलला मुद्दाम थांबते, हिरवा असला तरी.

मॅडमचं नाव आणि नंबर इथे देत नाही, त्यांना विचारलेलं नाही. आमच्या कोर्टात कोणाची तारीख असेल तर बाररूममध्ये खिडकीजवळ निळी पिशवी शोधा. कागद घेऊन जा, वेळा लिहिलेले. आणि लायसन्सचं काय, ते तुम्ही स्वतः विचारा.