पहिल्या वेच्याचा कापूस औलीत गेला

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात. आमच्याकडे बर्फ म्हणजे रसवंतीवाला पोत्यात गुंडाळून आणतो तो. तरी 2023 च्या डिसेंबरात आम्ही तिघं दोस्त स्कीइंग शिकायला उत्तराखंडातल्या औलीला गेलो आणि प्रत्येकी 17,500 रुपये घालवून आलो. प्रवासखर्च वेगळा.

सुरुवात पोलीस भरतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर झाली. आम्ही पहाटे 1600 मीटर धावणारी पोरं. मेसेज असा: चौदा दिवसांचा स्की कोर्स, सरकारमान्य सर्टिफिकेट, खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणात चालते. खरं सांगतो, मला बर्फ नाही, ते 5 टक्केच दिसले. फोनवरचा माणूस आमच्यासारखाच बोलायचा, "भाऊ, टेन्शन नका घेऊ." रीना कौशल धर्मशक्तू 2009 मध्ये सुमारे 900 किलोमीटर स्कीवर चालत दक्षिण ध्रुवावर पोहोचल्या, हे त्यानंच सांगितलं. मी शोधलं, खरं निघालं. मग पुढचं सगळंच खरं वाटायला लागलं. कोर्स झाला की अंटार्क्टिकाच्या मोहिमेसाठी निवड, म्हणे. आज लिहितानाही लाज वाटते.

14,500 फी, 3,000 बर्फाच्या कपड्यांचं डिपॉझिट. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, करून पहिला वेचा नुकताच झाला होता. दिवाळीच्या अडचणीपायी बाबांनी तो कापूस गावातच खेडा खरेदीवाल्या व्यापाऱ्याला दिला होता. त्यातले पैसे मागितले तर म्हणाले, "बर्फावर घसराले पैसे लागते? पावसाळ्यात आपल्या धुऱ्यावर ये, फुकट घसरशीन." तरी दिले. पैसे गेले एका माणसाच्या नावावरच्या यूपीआयवर. पावती आली, तिच्यावर अशोकस्तंभ होता.

नागपूरहून दिल्ली, तिथून हरिद्वार, मग दिवसभर घाटातली बस. आईनं दिलेली जवसाची चटणी हरिद्वारलाच संपली. जोशीमठला गाडी घ्यायला येणार होती. आली नाही. फोन आधी उचलला नाही, मग बंद. आम्ही 'रोपवेचा फ्री पास' दाखवत विचारत फिरलो, तर चहावाला बघतच राहिला. जोशीमठ ते औली हा सुमारे चार किलोमीटरचा रोपवे जानेवारीत तिथली जमीन खचली तेव्हापासून बंद होता. हे देशभरच्या बातम्यांत येऊन गेलेलं, आम्ही एकदा बघायचं तर!

दुसऱ्या दिवशी जीपनं वर गेलो. उतारावर पिवळं गवत. तिथं स्की भाड्यानं देणारे एक काका भेटले. ते म्हणाले, इथला हंगाम जानेवारी ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कोर्स कोण घेतं? मेसेजमधला फोटो पाहून तर हसलेच. त्यातला गंडोला, म्हणजे दोरावरचा पाळणा, काश्मीरमधल्या गुलमर्गचा होता. मग विचारलं, तुमचं वजन-उंची विचारली होती का? स्कीला बूट अडकवायची बाइंडिंग वजनाप्रमाणे लावतात. ती जास्त घट्ट असली तर पडल्यावर बूट सुटत नाही आणि गुडघा पिरगळतो. आम्हाला फक्त आधार कार्ड मागितलं होतं.

खरे कोर्स आहेत, तेही त्यांनीच सांगितलं. औलीला गढवाल मंडल विकास निगमाचे, गुलमर्गला पर्यटन मंत्रालयाच्या संस्थेचे, मनालीलाही सरकारी संस्था आहे. फी त्यांच्या खात्यात जाते, कुण्या दादाच्या मोबाइल नंबरवर नाही.

परत आल्यावर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. पैसे देऊन महिना झालेला, त्या खात्यात काही उरलं नव्हतं. ठाण्यातले साहेब म्हणाले, त्याच तासात लावला असता तर रक्कम गोठवता आली असती. क्रीडा कार्यालयात गेलो तेव्हा शेवटचा काटा टोचला. आरक्षण स्पर्धेतल्या कामगिरीवर मिळतं आणि त्या प्रमाणपत्राची पडताळणी होते. शिकल्याच्या सर्टिफिकेटला तिथं काहीच किंमत नाही. म्हणजे कोर्स खरा असता तरी मी ज्यासाठी गेलो ते मिळणार नव्हतं.

बाबा यावर काही बोलले नाहीत. दुसऱ्या वेच्याला मजूर कमी लावले आणि मला फडकं बांधून ओळीत उभं केलं.

आज हे लिहायला बसलो कारण काल तोच मेसेज भरतीच्या दुसऱ्या ग्रुपवर आला. नंबर नवा, फोटो तोच गुलमर्गचा. खाली सतरा पोरांनी 'इंटरेस्टेड' लिहिलंय. त्यातला एक माझा मावसभाऊ आहे.