आईच्या जटेला कात्री लागली: अंनिसच्या सेवेचा आमचा अनुभव

मी कराडमध्ये ब्लाऊज शिवते. सोळा वर्षं कात्री हातात आहे. तरी आईच्या डोक्यावरची जट कापायला माझा हात तेरा वर्षांत एकदाही उठला नाही. ते काम जून २०२४ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या, म्हणजे अंनिसच्या, दोन ताईंनी आमच्या घरी येऊन केलं. एक रुपया घेतला नाही. कुणाच्या घरात आई, सासू, लेक जट घेऊन बसली असेल, तर ही सेवा नेमकी कशी असते ते कळावं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आईला २०११ च्या पावसाळ्यात टायफॉईड झाला. महिनाभर अंथरुणाला खिळून होती. केस कमरेपर्यंत, घामानं ओले, विंचरायला कुणी नाही, कारण मी तेव्हा सासरी. उठून बसली तेव्हा मानेजवळ मुठीएवढा गुंता झालेला. चुलतीनं देवऋषी आणला. त्यानं लांबूनच हात जोडले आणि सांगितलं, देवी आलीय, कात्री लावाल तर थोरल्या मुलावर जाईल. वर पूजेचे म्हणून अकरा हजार घेऊन गेला. झालं. तेव्हापासून आईनं फणी सोडली. मंगळवार-शुक्रवार जटेला हळद-कुंकू, भंडारा, उदबत्ती. डोक्यावरून पाणी घेणं बंद. बघता बघता ती जट मनगटाएवढी जाड होऊन पाठीवर लोंबायला लागली. उताणं झोपता येईना, मान दुखायची, उवा झालेल्या, वास यायचा. लग्नाकार्याला जाणं तिनं आपणहून बंद केलं. गेली तरी पदर घट्ट धरून कोपऱ्यात बसायची.

वडिलांना हे पटत नव्हतं. ते तरुणपणी कबड्डी खेळलेले, त्यामुळे ही समिती उभी करणाऱ्या साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं नाव आमच्या घरात आधी आलं ते कबड्डीतून. शिवाजी विद्यापीठाच्या संघाचे कर्णधार होते, बांगलादेशाविरुद्ध भारताकडून खेळले, हे वडील घरचं कुणी असल्यासारखं सांगायचे. मिरजेला डॉक्टरकी शिकलेला, साताऱ्यात बारा वर्षं दवाखाना चालवलेला माणूस ते सगळं सोडून अंधश्रद्धेविरुद्ध गावोगाव भाषणं देत फिरतो, याचं त्यांना फार अप्रूप. २०१३ च्या उन्हाळ्यात त्यांनी ठरवलं होतं की गणपती झाले की साताऱ्याला जायचं आणि डॉक्टरांच्या माणसांना आईची जट दाखवायची.

गणपती यायच्या आतच, २० ऑगस्टला सकाळी टीव्हीवर बातमी आली. पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर, सकाळी फिरायला निघालेले असताना त्यांना गोळ्या घातल्या. वडील दिवसभर जेवले नाहीत. आणि आमच्या आळीत एक म्हातारी येऊन आईला म्हणाली, "देवाच्या वाटेला गेला, देवानं बघितलं." ते वाक्य आईच्या मनात रुतलं. जो असल्या गोष्टीला हात लावतो तो मरतो, एवढंच तिला कळलं. त्या दिवशी मी तिला सांगायला हवं होतं की आई, गोळी देव झाडत नाही, माणूस झाडतो. मी नाही बोलले. मलाही भावाची भीती वाटत होती, हे आज कबूल करते.

वडील २०१९ ला गेले. आई माझ्याकडे राहायला आली. मधल्या काळात एका पार्लरमध्ये विचारून बघितलं. त्यांनी आत घेतलं नाही, दुकानाला काही व्हायला नको म्हणाल्या. एका डॉक्टरांकडे नेलं. ते आईलाच रागावले, एवढी अडाणी कशी म्हणून. आई गोळ्यांची चिठ्ठी न घेताच उठून आली. पुढं तीन वर्षं तिनं हा विषय काढू दिला नाही.

मग १० मे २०२४ ला दाभोलकरांच्या खुनाचा निकाल लागला. पुण्याच्या विशेष न्यायालयानं गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली, तिघांना निर्दोष सोडलं. मी मशीनवर होते, आई टीव्हीसमोर वाटाणे सोलत होती. म्हणाली,

"म्हणजे माणसांनीच मारलं की त्यांना."

"हो आई."

"मग ती म्हातारी काय म्हणत होती?"

मी मशीन थांबवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. संध्याकाळी दिवा लावताना एवढंच म्हणाली, "बोलव जा त्या सातारच्या माणसांना. नुसतं बोलायला."

आता सेवेबद्दल. समितीच्या शाखा जिल्ह्याजिल्ह्यात, तालुक्यातालुक्यात आहेत. मला ओळखीच्या एका शिक्षकांकडून कार्यकर्त्यांचा फोन मिळाला. समोरच्या ताईंनी पहिला प्रश्न विचारला तो जट किती मोठी आहे हा नाही. "मावशींची स्वतःची तयारी आहे का?" मी म्हटलं, नुसतं बोलायला या म्हणतीय. म्हणाल्या, मग नुसतं बोलायलाच येतो.

आणि खरंच तशाच आल्या. कात्री आणलीसुद्धा नव्हती. दोन तास बसल्या. आईनं पहिल्या पाच मिनिटांतच विचारलं, देव्हारा काढायला लावणार का? ताई म्हणाल्या, "नाही मावशी. तुमची देवी तुमच्यापाशी. आम्ही फक्त भीतीबद्दल बोलायला आलोय." आईचे खांदे खाली आलेले मी पाहिले.

नंतर मी डॉ. दाभोलकरांचं लिखाण वाचलं तेव्हा कळलं की हे त्या ताईंचं एकट्यांचं शहाणपण नव्हे, ही पूर्ण घडवलेली भूमिका आहे. १९८९ ला समिती उभी करताना त्यांनी जी चतुःसूत्री धरली ती अशी: शोषण करणाऱ्या अंधश्रद्धांना विरोध, वैज्ञानिक दृष्टिकोनाचा प्रसार, धर्माची विधायक चिकित्सा, आणि समाजबदलाच्या इतर चळवळींशी नातं. पहिल्याच सूत्रात 'शोषण' हा शब्द आहे. ते स्वतः देव मानत नव्हते. पण दुसऱ्याच्या देव्हाऱ्यावर हात टाकायचा नाही, त्या देव्हाऱ्याच्या आडून जो लुटतो, घाबरवतो त्याचा हात धरायचा, हे त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. लोक त्यांना धर्मद्रोही म्हणत राहिले. माझ्या आईला मात्र पाच मिनिटांत फरक कळला, कारण तिच्याशी कुणीतरी नीट बोललं.

त्या बैठकीतली एक गोष्ट माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. धाकट्या ताईंनी माझ्या टेबलावरचं लोकरीचं गुंडाळं उचललं, हातभर लोकर तोडली, तिला खोबरेल लावलं, खिडकीच्या गजावरची धूळ लावली आणि दोन्ही तळव्यांत धरून चोळत राहिल्या. बोलणं चालूच. दहा मिनिटांनी तो गोळा आईच्या हातात दिला. "मावशी, जरा उलगडा बघू." आई नखानं ओढत राहिली. सुटेना. आईनं तो गोळा नाकाशी नेला, मग आपल्या मानेमागे हात नेला, गोळा आणि जट दोन्ही चाचपून बघितलं. कुणी काही बोललं नाही. टायफॉईडमधला घाम, तेल, महिनाभर न लागलेली फणी, सगळं तिचं तिनं जुळवलं.

राहिली भावाची भीती. ताई म्हणाल्या, मुलालाच बोलवा, तो समोर असू दे. भाऊ पिंपरीला कंपनीत आहे, रजा टाकून आला.

रविवारी सकाळी दहाला काम सुरू झालं. जुनी चादर अंथरली, आईला पाटावर बसवलं, भाऊ तिचा हात धरून समोर. ताईंनी पुन्हा विचारलं, "मावशी, करू ना? नको वाटलं तर मध्येच थांबवा, आम्ही थांबू." आईनं देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले आणि मान खाली घातली.

मी शिवणकामवाली, माझं लक्ष कात्रीवर. कापडाची मोठी कात्री नव्हती, लहान पात्याची होती, टोकाला बोथट. थोरल्या ताईंनी आधी बोटांनी चाचपून जागा शोधली. जट कितीही घट्ट असली तरी तिच्या खाली नवे केस बोटभर मोकळे उगवलेले असतात. त्या फटीत त्यांनी बारीक फणी आडवी सरकवली, म्हणजे कात्री आणि कातडी यांच्यामध्ये फणी राहते. मग फणीच्या वरून कुरतडल्यासारखं, थोडं थोडं. बकरमाचे चार-पाच थर एकत्र कापताना जसा करकर आवाज येतो, अगदी तसा. आतून भंडाऱ्याची पिवळी भुकटी पडत होती, कुंकवाची ढेकळं, मेलेल्या उवा. आणि एक काळी पिन. ती पिन माझ्या लग्नात मी स्वतः आईच्या अंबाड्यात खोचलेली, मोती निघालेली. पिन हातात घेतल्यावर मला रडू आवरलं नाही.

पाऊण तास लागला. शेवटचा धागा तुटल्यावर आईची मान एकदम वर आली, जशी डोक्यावरची घागर कुणी उतरवून घ्यावी. शेजारच्या वाण्याच्या काट्यावर जट तोलली: सहाशे चाळीस ग्रॅम.

आईला ती कृष्णेत सोडायची होती. ताईंनी तिथंही समजावलं, नदीत नको. डॉक्टरांनी विसर्जनाच्या मूर्ती नदीत न सोडता दान करा म्हणून मोहीम चालवली होती, त्यासाठी कोर्टापर्यंत गेले होते. त्यांचीच ही माणसं. शेवटी दारातल्या शेवग्याच्या बुडाशी खड्डा करून पुरली. आईनं वर चिमूटभर हळद टाकली. ताईंनी टाकू दिली.

त्या पोहे खाऊन, चहा पिऊन गेल्या. येण्याजाण्याचे पैसे द्यायला गेले तर मूठ बंद करून परत दिली. मी आपणहून समितीच्या वार्तापत्राची वर्गणी भरली. ती कुणी मागितलेली नव्हती.

ज्यांना बोलवायचं आहे त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. कोमट पाणी, जुने कपडे आणि उवांचं औषध घरात आणून ठेवा. टाळूवर फोड असतील तर नंतर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, आम्हाला आठवडाभर मलम लावावं लागलं. पहिले चार दिवस डोकं गार पडतं, रुमाल बांधायला द्या. आणि रात्री एकटं झोपू देऊ नका. आई पहिल्या रात्री तीनदा उठून भावाच्या नाकासमोर हात धरून श्वास बघत होती. ताईंचे पुढचे पंधरा दिवस रोज फोन होते, आधी आईला, मग भावाला. हा भाग मला कापण्याइतकाच मोलाचा वाटला. भीती काही कात्रीनं एका दिवसात निघत नाही.

एक विचारतात, त्या देवऋषीवर केस का नाही केली? जादूटोणाविरोधी कायद्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. ज्या कायद्यासाठी डॉक्टर वर्षानुवर्षं सरकारदारी खेपा घालत राहिले, त्याचा वटहुकूम मंत्रिमंडळानं त्यांचा खून झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मंजूर केला आणि डिसेंबर २०१३ ला कायदा झाला. आमचं प्रकरण त्याच्या आधीचं, आणि तो माणूस आता हयात नाही. पण आज कुणाच्या घरी असं घडत असेल तर गप्प बसू नका.

डॉक्टरांबद्दल वाचलेलं एक इथं सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यांना देहदान करायचं होतं, पण शवविच्छेदनामुळे ते झालं नाही. साताऱ्यात कसलेही विधी न करता अंत्यसंस्कार झाले आणि अग्नी दिला तो मुलीनं, मुक्तानं. मुलाचं नाव त्यांनी मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंवरून हमीद ठेवलेलं. बोलायचं एक आणि घरात दुसरं, असं त्या घरात नव्हतं. माझ्या वडिलांना अग्नी चुलतभावानं दिला, कारण भाऊ वेळेत पोचला नाही. मी तिथंच उभी होते. मला कुणी विचारलं नाही आणि मीही पुढं झाले नाही. पाच वर्षांनी हे वाचताना ते फार लागलं.

या सेवेला माझे गुण पाचपैकी पाच. कमी द्यावं असं मला काही दिसत नाही.

आईचे केस आता खांद्यापर्यंत आलेत, निम्मे पांढरे. रोज सकाळी उन्हात उंबऱ्यावर बसून विंचरते. गेल्या आठवड्यात पलीकडच्या आळीतली एक सून ब्लाऊजचं माप द्यायला आली. उकाडा असूनही पदर डोक्यावरून सोडेना. माप घ्यायला मी तो सरकवणार तेवढ्यात आई उठून तिच्या मागे गेली, पदरावरूनच मानेला हात लावला आणि म्हणाली, "किती वर्षं झाली गं पोरी?" ती रडायलाच लागली. आईनं तिला आत नेलं, चहा केला, आणि ती मोती निघालेली पिन डब्यातून काढून तिच्या हातात ठेवली. ताईंशी फोनवर बोलणं झालंय. येत्या गुरुवारी येतायत, नुसतं बोलायला.